गोचीड नखाने चिरडताय? थांबा!

संभाजीनगरच्या हॉस्टेलवरून सुट्टीत गावी गेलात, की बैलाच्या कानामागची गोचीड काढून नखाने चिरडता ना? मग हे वाचाच. क्रायमीन-काँगो तापाचा विषाणू हायलोमा जातीच्या गोचिडींतून माणसात येतो. चावल्याने, चिरडल्याने, बाधित रक्तातूनही! भारतात तो २०११ मध्ये गुजरातेतल्या साणंदजवळ पहिल्यांदा सापडला. रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्सही दगावले. निदान केलं पुण्याच्या एनआयव्हीने. तिथल्या गोचिडींतही विषाणू निघाला. गंमत म्हणजे, बाधित जनावर सहसा आजारी दिसतच नाही. म्हणून सर्वेक्षणात जनावरांच्या अंगावरच्या गोचिडी चिमट्याने गोळा करून, जातवार निवडून पीसीआर चाचणी करतात. आपणही हातमोजे घालून चिमटाच वापरायचा. नंतर ताप आला, तर डॉक्टरांना आधी सांगायचं: गोचिडी काढल्या होत्या.