वाडवडिलांची ठेव

मुंबईत कफ परेडला मच्छीमार नगर आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला उंच उंच इमारती. मधे होड्या, जाळी आणि कोळी बांधवांची घरे. नवखा माणूस विचारतो, एवढ्या मोठ्या शहरात ही कोळी मंडळी आली कुठून?

मंडळी, कोळी इथलेच. शहर मागाहून आले.

पूर्वी मुंबई म्हणजे ७ बेटे होती. तिथे कोळी राहत. मुंबादेवी ही त्यांची देवी. तिच्याच नावावरून मुंबई हे नाव पडले. पुढे भर घालून बेटे जोडली. १८३८ साली कुलाब्याला जाणारा रस्ता झाला. विसाव्या शतकात कफ परेडचा समुद्र बुजवून जमीन केली. किनारा बदलला, पण कोळ्यांनी दर्या सोडला नाही.

ते टिकले कशावर? वाडवडिलांनी दिलेल्या शहाणपणावर. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते, पाण्याला जोर असतो. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, पाणी मंद असते. डोल नावाचे जाळे पाण्याच्या ओढीवर चालते. त्यात बोंबील, जवळा सापडतो. म्हणून जाळे कधी लावायचे ते तिथी पाहून ठरते. हे ज्ञान बापाकडून लेकाला मिळाले.

बायांचा वाटा काही कमी नाही. मासळी निवडायची, सुकवायची, पाटी घेऊन बाजारात बसायचं, हिशेब ठेवायचा. घर त्यांनीच सावरलं. आईचं पाहून लेक शिकली.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन पुन्हा निघायचे, ही जुनी रीत. या दिवसांत माशांची पैदास होते. आता सरकारनेही जून-जुलैत यंत्राच्या होड्यांना मासेमारी बंद ठेवली आहे.

हे शहाणपण आजही कामी येते. वरळीला समुद्रातून मोठा रस्ता निघाला. पुलाच्या खांबांमध्ये ६० मीटर अंतर राहणार होते. एवढ्या जागेतून होड्या नेणे धोक्याचे, असे तिथल्या कोळ्यांनी सांगितले. त्यांनी एकजुटीने मागणी लावून धरली. डिसेंबर २०२२ मध्ये हे अंतर १२० मीटर करण्याचे सरकारने मान्य केले.

वाडवडिलांचा मान राखायचा तो असा. फोटोला हार घालावा, जरूर घालावा. पण त्यांचं ज्ञानही जपावं. म्हातारी माणसे जातात आणि सांगितलेले विसरते.

तुम्ही कोळी असा, शेतकरी असा की सुतार असा. आता तुम्हाला लिहिता येते. एक वही घ्या. आजा-आजी, पणजा-पणजी यांची नावे लिहा. आजीचे माहेर लिहा. ते कोणते काम करीत, संकटात कसे तगले, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि लिहा. मग ते पोरांना वाचून दाखवा.

आम्ही म्हणतो, हे काम आजच सुरू करा.