पेटी, पायपेटी आणि गोविंदराव टेंबे

आधुनिक वाद्यावर मैफल करणाऱ्या कलावंताने जुन्या काळातील वाद्येही हाती ठेवावीत, ही प्रथा युरोपातील पियानोवादकांत विसाव्या शतकात रुजली. महाराष्ट्रात तिच्या जवळ जाणारा इतिहास पियानोवादकांचा नसून हार्मोनियम, म्हणजे पेटी, आणि ऑर्गन, म्हणजे पायाने भाता हलवून वाजवायचे वाद्य, या दोहोंवर हात चालवणाऱ्या कलावंतांचा आहे, आणि त्यात गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांचे स्थान अग्रभागी आहे.

पॅरिसच्या अलेक्झांडर डेबेन यांनी १८४२मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले, तेव्हा ते वाद्य पायानेच वाजत असे. बैठकीच्या सोयीसाठी भाता मागे आणून ते हिंदुस्थानात हातपेटी झाले, तेव्हा डावा हात भात्यात गुंतला आणि सारी गत उजव्या हातावर आली. ऑर्गनवर दोन्ही हात मोकळे राहतात व सूर अखंड भरून राहतो, म्हणूनच नाट्यगृहातील मोठ्या समुदायापर्यंत गाणे पोहोचवताना संगीत नाटक मंडळ्यांना तो मानवला. गंधर्व नाटक मंडळीत हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवा यांचा तबला हा संच प्रसिद्ध होता.

कोल्हापूरजवळच्या सांगवडे येथे जन्मलेल्या टेंबे यांनी भास्करबुवा बखले यांच्या सहवासात गायकी आत्मसात केली आणि संगतीच्या पेटीला स्वतंत्र वादनाचा मान मिळवून दिला. मात्र ते तेवढ्यावर थांबले नाहीत. १९११च्या ‘मानापमान’ या संगीत नाटकाला त्यांनी उत्तरेकडील ठुमरी-गझलांच्या वळणाच्या चाली दिल्या, १९१३मध्ये बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली, १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात नायकाची भूमिका करून संगीतही दिले आणि १९३९मध्ये ‘माझा संगीत-व्यासंग’ लिहिला. इतक्या दिशांना पांगलेली कारकीर्द वादक म्हणून कदाचित त्यांना उणीच पडली, पण पेटीला संगीतकाराचे कान लाभले ते याच पांगण्यामुळे.

पेटीवरचा खरा आक्षेप कायम राहिला: समविभागी स्वरजुळणीत, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग पाडणाऱ्या पद्धतीत, शुद्ध गंधार नैसर्गिक स्थानापेक्षा सुमारे १४ सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढा लागतो आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, अशक्य होते. आकाशवाणीने १९४०मध्ये पेटीवर बंदी घातली व १९७१पासून ती क्रमाने सैल केली, तरी मधल्या काळात बेळगावचे विठ्ठलराव कोरगावकर आणि रामभाऊ विजापुरे, मुंबईचे पी. मधुकर व त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर यांनी वाद्य मैफलीत टिकवले, तर गोविंदराव पटवर्धन यांनी पेटी आणि रंगभूमीवरचा ऑर्गन हे दोन्ही सारख्याच अधिकाराने वाजवले. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि जिल्हा न्यायाधीश क्लेमेंट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातील सूक्ष्म स्वरस्थानांच्या, पेटीचा प्रयत्न केला होताच. पटवर्धनांचे शिष्य डॉ. विद्याधर ओक यांनी पुढे २२ श्रुतींची पेटी सिद्ध केली, जिच्यात षड्ज आणि पंचम सोडून प्रत्येक स्वराची दोन स्थाने निवडता येतात. मींड मात्र तिलाही साधत नाही.