बोल्टांचा कोश

आमचे चिरंजीव इंजिनियर; संगणकावर यंत्रांची चित्रे काढतात. परवा रात्री पाहतो, तो स्वारी बोल्टांची मापे तक्त्यांशी ताडून पाहत बसलेली!

"अरे, एवढ्याशा बोल्टाचे एवढे काय?"

"बाबा, हा संग्रह सर्वांना फुकट द्यायचा आहे; कोणालाही तोच बोल्ट पुन्हा काढायला नको. पण दहा मिलिमीटरच्या बोल्टाचे डोके जुन्या जर्मन प्रमाणात १७ मिलिमीटर, आंतरराष्ट्रीय प्रमाणात १६. माझा आकडा चुकला, तर घेणाऱ्या प्रत्येकाच्या यंत्रात तीच चूक!"

आट्यांना एकच प्रमाण असावे, असे व्हिटवर्थने इंग्लंडात १८४१ साली मांडले. तोवर एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर चढेलच, याचा भरवसा नसे.

मी कोशांवर जगणारा मास्तर. कोशातली चूक किती वर्षे चालते, ते मला ठाऊक. मुकाट्याने चष्मा लावला आणि आकडे वाचून दाखवू लागलो.