चळ नव्हे, आजार!

डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन रुग्णालय उभारले, तेव्हापासून सांगली-सातारा भागाला परिचारिकांच्या सेवेची ओळख आहे. मी परिचर्येच्या विद्यार्थिनींना वॉर्डात शिकविते. इंजेक्शन, ड्रेसिंग, रक्तदाब हे मुली भराभर उचलतात. खरी कसोटी लागते ती म्हाताऱ्या माणसाच्या खाटेशी.

आपल्याकडे माण-खटावची मुले मुंबईला, खानापूर-आटपाडीची गलाई व्यवसायात परमुलखात. खाटेवर आजी, आणि सोबतीला फार तर शेजारीण.

खुबा मोडलेल्या अशाच एक आजी दाखल होत्या. दोन दिवस शहाण्यासारख्या बोलल्या. तिसऱ्या रात्री "म्हशीला वैरण टाकायचीय" म्हणत उठू लागल्या. शेजारीण म्हणाली, "वय झालं, चळ लागला." दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीने मात्र पाण्याचा हिशेब पाहिला. दिवसभरात जेमतेम दोन पेले! जवळ बसून विचारले तेव्हा आजी हळूच म्हणाल्या, "पोरी, सारखं भांडं कुणाला मागू गं?" तिने डॉक्टरांना सांगितले. लघवी तपासली, जंतुसंसर्ग निघाला. ताप मुळीच नव्हता. औषध सुरू झाले, थोडेथोडे पाणी दिले, चष्मा डोळ्यांवर चढविला, रात्री मंद दिवा ठेवला. चार-पाच दिवसांनी आजी शेजारणीला विचारीत होत्या, "म्हशीला वैरण टाकलीस ना?" आता तो प्रश्न अगदी रास्त होता.

वाचकहो, वर्षानुवर्षे वाढणारा विसराळूपणा वेगळा आणि एक-दोन दिवसांत आलेला भ्रम वेगळा. या दुसऱ्याला डॉक्टर 'डिलिरियम' म्हणतात. जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी किंवा सोडियम कमी होणे, मलावरोध, झोपेच्या गोळ्या ही त्याची नेहमीची कारणे. उतारवयात तहान कमी लागते आणि संसर्गात ताप येईलच असे नाही. बडबडणारा रुग्ण निदान लक्षात तरी येतो. गप्प, झोपाळू होणारा नजरेतून सुटतो.

प्रात्यक्षिकाच्या वहीत किती इंजेक्शने दिली याची नोंद मुली करतात. रुग्णाजवळ किती वेळ बसून ऐकले, याचा रकाना मी कुठे पाहिला नाही. माझ्या मते तो हवा.

घरातील वृद्ध एकाएकी असंबद्ध बोलू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. चालू असलेल्या सर्व गोळ्या बरोबर न्या. आयुर्वेदिक चूर्णाची पुडीही राहू देऊ नका.