शुक्रवारी जमणार नाही, हे इंग्रजीत सांगताना

ऑफिसातून विचारणा येते: शुक्रवारी संध्याकाळी थांबाल का? आपण पटकन लिहितो, ‘आय विल गो टू द डेंटिस्ट’. समोरच्याला वाटतं, हा बेत आत्ताच सुचला. वेळ आधीच घेतलेली असेल तर ‘आय अ‍ॅम सीइंग द डेंटिस्ट अ‍ॅट फाइव्ह’ म्हणावं. या चालू वर्तमानकाळातच ‘ठरलंय’ हे येऊन जातं. ‘आय हॅव अ‍ॅन अपॉइंटमेंट’ही चालेल. ‘प्रायर एंगेजमेंट’ मात्र औपचारिक निमंत्रणाच्या उत्तरातच शोभतं. कारण सांगायचं नसेल तर सोयीचंही आहे म्हणा.

बंधनाचं प्रकरण जरा नाजूक. ‘मस्ट’मध्ये बहुधा बोलणाऱ्याचा स्वतःचा आग्रह असतो, ‘हॅव टू’मध्ये बाहेरची सक्ती: नियम, साहेब, गाडीची वेळ. ‘सपोज्ड टू’ म्हटलं की अपेक्षा कळते, पण पळवाटही दिसते. खरी फसगत नकारात होते. ‘यू मस्ट नॉट कम’ म्हणजे येऊच नका. ‘यू डोन्ट हॅव टू कम’ म्हणजे नाही आलात तरी चालेल. पाहुण्यांना चुकून पहिलं पाठवलंत, तर पुढचं निस्तरणं तुमच्याकडे. आणि कालच्या सक्तीला ‘मस्ट’ चालत नाही, तिथे ‘हॅड टू’च.