दुखणं सांगायची जागा

ब्रिटनमध्ये नैराश्याने ग्रासलेल्या दक्षिण आशियाई स्थलांतरित स्त्रियांचे आधारगट बहुधा वस्तीतल्या समाजकेंद्रात भरतात. वेळ शाळेच्या घंटेवरून ठरते: मुलांना पोचवल्यानंतर आणि त्यांना आणायला निघण्याआधी. शेजारच्या खोलीत तान्ह्या बाळांना सांभाळायला कुणी तरी लागतं. ही सोय नसेल तर गटाला कुणी फिरकत नाही, म्हणून पैसे आधी इथे खर्चायला हवेत.

बोलणं सुरू होतं ते शरीरापासून. डोकं जड आहे, पाठ धरली आहे, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. गट चालवणारी बाई, म्हणजे कुणाची दीदी तर कुणाची बाजी, अनेकदा स्वतः या दुखण्यातून गेलेली असते. ती उपाय सांगायची घाई करत नाही. एखादी बोलता बोलता थांबली, की तीही थांबते. चहाचा कप हातात तसाच राहतो. बहुतेक वेळा पुढचं वाक्य दुसरीच कुणी बोलते, ‘माझंही तसंच व्हायचं.’ गटाचं खरं काम या क्षणी होतं. सासर, व्हिसा, भाषा हे सगळं इथे पहिल्यापासून समजावून सांगावं लागत नाही. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या अनेकींना सरकारी आर्थिक मदत मिळत नाही, त्यामुळे घर सोडणं किती अवघड असतं हे बाकीच्यांना ठाऊक असतं.

मोठी अडचण गुप्ततेची. वस्ती लहान, ओळखी दाट. समोर बसलेली बाई नणंदेची मैत्रीण निघू शकते. म्हणून इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, हा नियम दर बैठकीत नव्याने सांगतात. त्याला अपवाद म्हणजे कुणाच्या जिवाला किंवा मुलांच्या सुरक्षिततेला असलेला धोका. जीव द्यावासा वाटतो असं कुणी म्हणालं, तर दीदीने ते एकटीने पेलायचं नसतं. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं असतं.

बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी ब्रिटनमध्ये ‘रोशनी-२’ ही चाचणी झाली. तिथले गट प्रशिक्षित स्त्रिया चालवत होत्या आणि चार महिन्यांत १२ सत्रं होती. ७३२ दक्षिण आशियाई माता सहभागी होत्या. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चार महिन्यांनी गटातल्या जवळजवळ निम्म्या माता सावरल्या होत्या. केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ३७ टक्के होतं. वर्षभराने मात्र हा फरक ठळक राहिला नाही. सत्रं संपली म्हणून गट मोडू नये, असं यावरून वाटतं, पण एवढ्याने ते सिद्ध होत नाही.