सहाजणांची टाळी
गटप्रकल्प म्हटला की विद्यार्थी नाक मुरडतात. त्यांचं फारसं चुकत नाही. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ बिब लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना जमेल तितक्या जोरात टाळ्या वाजवायला, ओरडायला लावलं. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, सहाजणांच्या गटात प्रत्येकाचा आवाज एकट्याच्या तुलनेत ४० टक्क्यांवर आला. काही घट ताळमेळ न जुळल्याची. उरलेली चक्क कामचुकारी! पुढच्या प्रयोगात प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय हे कळताच अंगचोरी थांबली. आज गूगल डॉक्ससारख्या सामायिक फायलीत कोणी, कधी, काय लिहिलं याची नोंद आपोआप राहते. (व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फायनल ३’ फिरवणाऱ्यांना ही सोय नाही.) प्राध्यापकांनो, गुण देण्यापूर्वी ती नोंद एकदा उघडून पाहाच.